कुर्बानीचे कातडे वाया जाऊ देऊ नका

बकरी ईदला मोहल्ल्यात जमणाऱ्या कातड्यांना पूर्वीचा भाव राहिलेला नाही, हे आमचे व्यापारी बांधव जाणतातच. पण भाव पडला म्हणून माल कुजू द्यायचा, हे आम्हाला पटत नाही. ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. २०२३ साली ती २९ जूनला झाली, २०२५ साली ७ जूनला. म्हणजे आता ऐन उकाड्यात. अशा हवेत कातडे काही तासांतच बिघडू लागते. ओढल्यावर केस हातात आले की माल गेला समजावे.

उपाय मिठाचा. रक्त, चरबी काढून, सावलीत गार करून मांसाच्या बाजूने कडेपर्यंत मीठ चोळावे. दोन किलोच्या कातड्यास सुमारे एक किलो. थर उतारावर लावावेत, म्हणजे पाणी निथळते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले कातडे आतून तापते. गोळा करणारी आमची मुले नेमके हेच करतात, आणि मीठ येते संध्याकाळी! ते आदल्या दिवशीच आणून ठेवावे. सोलणाऱ्या भावांनाही विनंती, सुरी जपून चालवा. एका भोकाने कातड्याची प्रत उतरते.