ऑथ-लॉग होतं तेव्हा

जून 2023 मध्ये डेबियन 12 आलं. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी सवयीने त्यावर घुसखोरांना अडवणारं फेल2बॅन बसवलं, आणि ते सुरूच होईना. लॉगिनच्या नोंदींच्या ज्या ‘ऑथ-लॉग’ फाइलवर त्याची नजर असायची, ती फाइलच जागेवर नव्हती! नोंदी थेट सिस्टीमडीच्या जर्नलमध्ये जात होत्या. फेल2बॅनच्या ‘जेल-लोकल’ या सेटिंगच्या फाइलमध्ये बॅकएंड म्हणून सिस्टीमडी लिहिलं की काम भागत होतं. पण जुन्या मंडळींच्या मनाला ती रिकामी जागा लागली.

ज्या दारावर हा पहारा असायचा, ते दूरच्या यंत्रात लॉगिन करण्याचं एसएसएच 1995 मध्ये फिनलंडमध्ये जन्मलं, तेही विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यामुळे. 1999 मध्ये ओपनएसएसएच आलं. तारेवरची चोरी थांबली, दारावर उभं राहून पासवर्डचे अंदाज मारणं थांबलं नाही.

त्या अंदाजांविरुद्धची खरी लढाई 2004 ते 2014 या दशकातली. सिरिल जाकिएने 2004 मध्ये पायथनमध्ये लिहिलेलं फेल2बॅन लॉग वाचायचं, चुका मोजायचं आणि मर्यादा ओलांडणारा आयपी पत्ता फायरवॉलमध्ये अडवायचं. पुढे रूढ झालेला हिशेब असा: दहा मिनिटांत पाच चुका, दहा मिनिटं बंदी. रात्री ऑथ-लॉगवर ‘टेल’ लावून बसलं, की रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशी नावं घेऊन दार ठोठावणारे ओळीने दिसायचे. एखाद्या कार्यालयातल्या कोणी पासवर्ड वारंवार चुकवला, की त्याच पत्त्यामागचं सगळं कार्यालय बाहेर राहायचं. पण कारण त्याच फाइलमध्ये, साध्या अक्षरांत सापडायचं.

2008 मध्ये नॉर्वेच्या पीटर हान्स्टीनने वेगळाच प्रकार टिपला. शेकडो यंत्रं पाळीपाळीने येत, प्रत्येक जण एक-दोन प्रयत्न करून निघून जाई. पत्त्यागणिक मोजणी तिथे हतबल होती. त्याच वेळी सगळ्यांनी पासवर्ड बंद करून एसएसएचच्या किल्ल्या वापरायला हव्या होत्या. फार थोड्यांनी वापरल्या.

फेल2बॅनसारखंच पत्ते अडवणाऱ्या डेनीहोस्ट्सचा शेवट मात्र अधिक वाईट झाला. ते ‘होस्ट्स-डिनाय’ फाइलमध्ये पत्ते लिहायचं. ऑक्टोबर 2014 मध्ये ओपनएसएसएच 6.7 ने ती फाइल वाचणारा आधारच काढून टाकला. ज्या वितरणांनी तो परत जोडला नाही, तिथे यादी वाढत राहिली आणि दार उघडंच राहिलं. एकही चूक दाखवली गेली नाही.

त्यानंतर लॉगिनच्या चुका मोजणारं पॅम-टॅली2 जाऊन फेलॉक आलं. ते पत्ता नाही, खातं अडवतं; म्हणून फेल2बॅनमधून पत्ता सोडवला तरी माणूस बाहेरच.

1 जुलै 2024 च्या ओपनएसएसएच 9.8 ने जुनी जखम पुन्हा उघडली. नोंदींवर ‘एसएसएचडी-सेशन’ हे नवं नाव आलं आणि फक्त जुनं नाव ओळखणारे फिल्टर आंधळे झाले. शिवाय चुका करणाऱ्या पत्त्याला एसएसएचडी हा सर्व्हर-प्रोग्रॅम आता स्वतःच काही काळ दंड करतं. त्या वेळी फेल2बॅनची यादी रिकामी असते, जोडणी तरीही तुटते. आज ‘लॉगिन होत नाही’ असा फोन आला, की जर्नल, फेलॉक, फेल2बॅन आणि एसएसएचडीचा दंड अशा चार ठिकाणी शोधावं लागतं.