अडखळते ती जीभ नव्हे

‘कच्चा पापड, पक्का पापड’ दोनदा कोणीही म्हणतं. वेग वाढला की चौथ्या-पाचव्या खेपेला पापडाचं कापड होतं, पक्क्याचा कप्पा होतो आणि ऐकणारे हसू लागतात. म्हणणारा बिचारा ‘जीभच वळत नाही’ म्हणून माघार घेतो. पण तीच जीभ ‘पापड’ हा शब्द सुटा शंभरदा बिनचूक म्हणते. ‘पक्का’चंही तेच. मग एकत्र येताच असं काय बिघडतं?

बोलण्याचा बेत मेंदूत आधी आखला जातो, उच्चार मागाहून होतो. हा बेत पंगतीसारखा असतो, असं अनेक भाषावैज्ञानिक मानतात. आधी पानं मांडली जातात, म्हणजे कुठल्या अक्षराच्या सुरुवातीला व्यंजन आणि मध्ये स्वर हे ठरतं. मग वाढपी येऊन प्रत्येक पानावर नेमका ध्वनी वाढतो. एकसारखी पानं शेजारी-शेजारी आली की वाढपी चुकतो आणि ‘प’च्या पानावर ‘क’ पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी लोकांच्या बोलण्यातल्या अशा हजारो चुका टिपून ठेवल्या. 1971 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की या चुका वाटेल तशा होत नाहीत. अक्षराच्या सुरुवातीचं व्यंजन सुरुवातीच्याच व्यंजनाशी जागा बदलतं, स्वराशी नाही. शिवाय चुकीतून तयार होणारा शब्द त्या भाषेच्या ध्वनिनियमांत बसणारा असतो. मराठी माणूस कितीही अडखळला तरी ‘ङ’ने सुरू होणारा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही.

पापडाचं कापडच का होतं, यालाही कारण आहे. बार्स, मोटली आणि मॅके या तिघांनी 1975 मध्ये प्रयोगशाळेत लोकांकडून मुद्दाम ध्वनींची अदलाबदल घडवून आणली. अदलाबदलीतून खराखुरा शब्द बनत असेल तर चूक जास्त वेळा होते, असं त्यांना आढळलं. याचं एक स्पष्टीकरण असं, की बोलण्याआधी मेंदू स्वतःचं बोलणं तपासतो आणि निरर्थक शब्द दारातच अडवतो. ‘कापड’ आणि ‘कप्पा’ मात्र ओळखीचे चेहरे, ते सहज निसटतात.

अशा अडखळवणाऱ्या वाक्यांना इंग्रजीत टंग ट्विस्टर म्हणतात. त्यातलं एक फार प्रसिद्ध म्हणजे समुद्रकाठी शिंपले विकणाऱ्या बाईचं, ‘शी सेल्स सीशेल्स’. ही बाई म्हणजे मेरी ॲनिंग, असं सर्रास सांगितलं जातं. ॲनिंग 1799 मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या लाइम रीजिस गावी जन्मली. वडील सुतारकाम करायचे आणि जोडीला कड्यांतून सापडणारे जीवाश्म पर्यटकांना विकायचे. 1810 मध्ये ते गेले आणि घर या विक्रीवरच चालू लागलं. 1811 मध्ये भावाला इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी सापडली, पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. 1823 मध्ये तिने प्लेसिओसॉर या तशाच दुसऱ्या प्राण्याचा जवळपास पूर्ण सांगाडा मिळवला. लंडनच्या भूशास्त्र संस्थेत तेव्हा स्त्रियांना प्रवेश नव्हता, त्यामुळे तिच्या शोधांवरचे निबंध पुरुषांच्या नावाने वाचले गेले.

गोष्ट गोड आहे, पण त्या ओळीचा तिच्याशी संबंध असल्याचा पुरावा नाही. टेरी सलिव्हन यांनी 1908 मध्ये या ओळीवर गाणं लिहिलं, तेही तिच्यावर असल्याची खूण सापडत नाही. शिवाय ओळ गाण्याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात वक्तृत्व आणि शुद्ध उच्चार शिकवणाऱ्या पुस्तकांत ती सरावासाठी दिलेली असे. ज्या बाईने एवढे सांगाडे खणून काढले तिची ओळख एका बालिश ओळीवर टेकवावी, हे मला तरी पटत नाही.

सरावाची ती ओळ रचणाऱ्याचं कसब मात्र मानायला हवं. ती मराठी कानाने ऐका: शी, से, सी, शे. स्वर सरळ चालीने येतात, ई-ए, ई-ए. व्यंजनं मात्र उलटी फिरतात, श-स, स-श. स्वरांनी एक ताल धरलेला आणि व्यंजनांनी दुसरा. त्यात ‘स’ आणि ‘श’ हे अगदी जवळचे नातलग. दोन्ही घर्षणाने होतात, फरक एवढाच की ‘श’साठी जीभ किंचित मागे सरकते. नातलग जितके जवळचे तितका गोंधळ जास्त.

2007 मध्ये गोल्डस्टीन, पूप्लिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या जिभेला छोटे संवेदक चिकटवून ‘कॉप टॉप, कॉप टॉप’ म्हणायला लावलं. अनेकदा जीभ ‘क’ आणि ‘ट’ या दोन्हींची हालचाल एकाच वेळी करत होती, तरी ऐकणाऱ्याला एकच ध्वनी ऐकू येत होता. म्हणजे कानाला चूक कळायच्या कितीतरी आधी तोंडात ती सुरू झालेली असते. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एडवर्ड चँग यांच्या गटाने अपस्माराच्या तीन रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरचे विद्युत्संकेत टिपले. उच्चाराचं नियंत्रण करणाऱ्या भागात ध्वनींची मांडणी ओठ, जीभ, स्वरयंत्र अशा अवयवांनुसार असल्याचं त्यांना दिसलं. एकाच अवयवाने होणारे ध्वनी तिथे एकमेकांचे शेजारी असतात.

गंमत अशी की ओठ न हलवताही आपण अडखळतो. टंग ट्विस्टर मनातल्या मनात वाचायलासुद्धा साध्या वाक्याहून जास्त वेळ लागतो, हे 1982 मध्येच दिसून आलं होतं. ओपनहाइम आणि डेल यांनी 2008 मध्ये लोकांना मनात म्हणायला लावून चुका सांगायला सांगितल्या, तर तिथेही लोक चुकत होते. जीभ स्वस्थ पडलेली असताना!

आपल्याकडे ‘स’ आणि ‘श’च्या तोडीची एक जोडी आहे, आणि लिपी तिला लपवते. मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चहा’ आणि ‘चिमणी’तला तालव्य, ‘चूल’ आणि ‘चोर’मधला दंततालव्य. लिहिताना अक्षर एकच. आता ‘चार चोर चहा चोरतात’ हे वाक्य घ्या. तालव्य, दंततालव्य, पुन्हा तालव्य, पुन्हा दंततालव्य. डोळ्यांना चारही ‘च’ सारखेच दिसतात, जिभेला मात्र दर शब्दाला जागा बदलावी लागते.

घरात पाच-सहा माणसं जमली की हे वाक्य प्रत्येकाला भरभर दहा वेळा म्हणायला सांगा आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. ऐकताना दोन गोष्टी तपासा: स्वर बदलले की फक्त व्यंजनं, आणि अगदी पहिल्याच ‘चार’मध्ये चुकीचा ‘च’ आला का. त्याच्याआधी शब्दच नाही, म्हणून तिथे आला असेल तर तो पुढच्या ‘चोर’मधूनच आला, म्हणजे तो शब्द उच्चारण्याआधीच मेंदूत तयार होऊन बसला होता.