दुरुस्तीची किंमत कोण ठरवणार?

गेल्या दिवाळीच्या सुटीत जासईला बहिणीकडे गेलो असता भाच्याचा चेहरा उतरलेला दिसला. त्याचे व्हिडिओ गेमचे कन्सोल बंद पडले होते. दिवा लागे, पंखा फिरे. पण टीव्हीच्या पडद्यावर चित्र काही येत नसे. कंपनीच्या सेवा केंद्राने मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले होते, आणि खर्चाचा आकडा नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीहून अधिक होता. “मामा, त्यापेक्षा नवीनच घेतलेले बरे ना?” असा त्याचा सवाल. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला विचारलेला हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही.

आम्ही ते यंत्र पिशवीत घालून मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर नेले. तेथील एका कारागिराने भिंगातून पाहिले आणि टीव्हीची केबल जेथे बसते ते सॉकेट आतून मोडले असल्याचे दाखवले. गरम हवेच्या झोताने जुने सॉकेट काढून त्याने नवे बसवले. दीड हजार रुपयांत काम झाले. म्हणजे बिघाड एकच. परंतु एका ठिकाणी त्याचे नाव ‘मदरबोर्ड’ होते, तर दुसऱ्या ठिकाणी ‘सॉकेट’. किमतीतील सारा फरक या नावात होता.

खेळयंत्रांचे पुष्कळ बिघाड असेच किरकोळ असतात. कंट्रोलरची कांडी हात न लावता एकीकडे सरकू लागते, कारण तिच्याखालचा कार्बनचा पातळ थर घासून गेलेला असतो. कांडीचा तेवढाच भाग बदलता येतो. यंत्र तापून बंद पडते, कारण पंख्यात धूळ साचलेली असते किंवा चिपवरील उष्णतावाहक लेप वाळलेला असतो. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी दुसरी केबल आणि दुसरा टीव्ही जोडून पाहावा. आणि सेवा केंद्राला नेमका कोणता भाग गेला, हे लेखी विचारावे.

दुरुस्ती खरोखरच परवडत नसेल, तर जुन्या बाजाराचा मार्ग उरतो. येथे जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० सालच्या प्रसिद्ध निबंधाची आठवण होते. वापरलेल्या वस्तूचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे ग्राहक सरसकट कमी भाव देतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो, असे त्यांनी दाखवले. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्यापुरता धडा साधा आहे : यंत्र टीव्हीला जोडून तासभर चालवून पाहावे, डिस्क घालून पाहावी, आणि यंत्रावरचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा. शिवाय घरातल्या डिस्क नव्या यंत्रावर चालतील काय, हेही पाहावे. २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ च्या बहुतेक डिस्क २०२० च्या प्लेस्टेशन ५ वर चालतात. पण डिस्कची सोयच नसलेले स्वस्त रूप घेतले, तर घरातला तो सारा संग्रह निरुपयोगी ठरतो.

येथवर प्रश्न ग्राहकाच्या शहाणपणाचा झाला. परंतु काही कुलपे निर्मात्यानेच घातलेली असतात. प्लेस्टेशन ५ च्या मूळ रूपात डिस्क वाचणारा भाग त्या यंत्राच्या मदरबोर्डशी जखडलेला आहे. दुसऱ्या यंत्रातला तसाच भाग आणून बसवला, तर तो डिस्क वाचत नाही. अमेरिकेत हे कुलूप दुरुस्तीसाठीसुद्धा उघडणे कायद्याच्या कचाट्यात सापडत होते. २०२१ साली तेथे खेळयंत्रांच्या डिस्कयंत्रणेच्या दुरुस्तीपुरती सूट देण्यात आली.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्यांनी खुल्या बाजारात येऊ दिली नाही, हा ठपका होता. प्रकरण पुढे न्यायालयांत गेले, तरी त्यातील तत्त्व मोलाचे आहे : वस्तू विकल्यानंतरही तिच्या दुरुस्तीवर मक्तेदारी ठेवणे, हा ग्राहकावर लादलेला दुसरा कर होय. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारगाड्या ही क्षेत्रे निवडली. त्यानंतर माहितीचे संकेतस्थळ निघाले. परंतु माहिती देणे कंपन्यांच्या इच्छेवर राहिले. इच्छेवर सोडलेला हक्क हा हक्क नसून मेहरबानी असते.

आता पुन्हा जासईकडे वळू. १९८९ साली येथून जवळच न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. देशात येणाऱ्या मालाचे कंटेनर जासईच्या परिसरातील रस्त्यांवरून अहोरात्र धावत असतात. जगभरचा माल ज्या गावाच्या दाराशी उतरतो, त्या गावातल्या मुलाला बोटाच्या पेराएवढ्या सॉकेटसाठी खाडीपलीकडे जावे लागते! लोकनेते दि. बा. पाटील यांचे हे गाव. जानेवारी १९८४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच भूमिपुत्रांनी प्राण दिले. त्यांची मागणी केवळ रोख मोबदल्याची नव्हती. आपल्या जमिनीवर जो विकास होईल त्यात वाटा हवा, ही होती. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांच्या रूपाने तो वाटा मान्य झाला.

भूखंड विकला की संपतो. हातातले कसब संपत नाही. परिसरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सूक्ष्म सोल्डरिंग, सर्किटचे निदान आणि सुट्या भागांची पारख शिकवली गेली, तर बंदरातून येणाऱ्या मालाचे आयुष्य वाढवण्याचा धंदा याच मातीत उभा राहू शकेल. २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकांवर मोडीची जबाबदारी टाकली आहे, हे चांगलेच झाले. परंतु मोड होण्याआधी दुरुस्ती असते. तिची जबाबदारीही उत्पादकावर आली पाहिजे. सुटे भाग आणि नकाशे रास्त भावात मिळाल्याखेरीज नुसते प्रशिक्षण पांगळे राहील.

भाचा आता यंत्र पूर्ववत खेळतो. मात्र येताना त्याने त्या कारागिराला विचारले, “काका, हे काम शिकायला किती दिवस लागतात?” त्याला नवे यंत्र घेऊन दिले असते, तर हा प्रश्न त्याच्या मनात आला नसता.