नऊशे अंशांचा निखारा

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींमध्ये दिवसभर स्टीलच्या भांड्यांचा खणखणाट चालू असतो. गाळ्यागाळ्यांत पत्र्याच्या चकत्या प्रेसखाली जातात आणि डबे, पातेली, ताटं होऊन बाहेर पडतात. जेवणाच्या सुट्टीत कारागीर बाहेर येतात, कोपऱ्यावरच्या टपरीशी उभे राहतात आणि सिगारेट पेटवतात. ही माणसं धातूंत वावरणारी आहेत, म्हणून धातूचंच माप घेऊ. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. झुरका ओढताना सिगारेटच्या टोकावरचा निखारा सुमारे ९०० अंशांपर्यंत जातो. ओठांपासून बोटभर अंतरावर अ‍ॅल्युमिनियमचं पाणी करू शकेल एवढी आग माणूस सहज धरून असतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

या आगीत जे घडतं ते झाडाच्या पानात मुळीच नसतं. निखाऱ्याच्या अगदी मागे एक पट्टा असतो, तिथे उष्णता भरपूर पण प्राणवायू अपुरा. त्यामुळे तंबाखू धड जळत नाही, तिचे रेणू तुटतात आणि भलत्याच रेणूंत पुन्हा जुळतात. कार्बन मोनॉक्साइड तिथेच तयार होतो, फुप्फुसात साचणारा चिकट डांबरासारखा टारही तिथलाच. पानातली काही रसायनं न जळता या धुरावर स्वार होऊन येतात. सगळी मिळून सात हजारांहून जास्त. त्यांतली निदान सत्तर कर्करोग घडवणारी. एका बोटाएवढ्या नळीत एवढा मोठा रासायनिक कारखाना चालतो आणि त्याचा सगळा माल थेट छातीत उतरतो.

एवढं सगळं कशासाठी? एका रेणूसाठी. तंबाखूचं झाड निकोटीन मुळांत तयार करतं आणि पानांकडे पाठवतं. पान कुरतडणाऱ्या किड्यांना मारण्यासाठी झाडाने घडवलेलं हे विष आहे. किडा लागला की झाड ते आणखी बनवतं. आपल्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा निरोप्या असतो. निकोटीनचा आकार त्याच्याशी असा काही जुळतो की मेंदूतले ग्राही, म्हणजे निरोप झेलणारे रेणू, त्याला आपलाच समजून घेतात. झुरका ओढल्यापासून दहा ते वीस सेकंदांत ते तिथे पोचतं. शिरेत टोचलेलं औषधही इतक्या झटपट मेंदू गाठत नाही. रोज असा मारा झाला की मेंदू ग्राहींची संख्या वाढवतो, आणि मग ते वाढीव ग्राही रिकामे राहिले की माणूस बेचैन होतो. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. चर्चगेटहून भाईंदर तासाभराचा प्रवास, गाडीत सिगारेट ओढायला बंदी. म्हणूनच मीरा रोड मागे पडलं की काहींची बोटं खिशाकडे जातात. तो माणूस मनाने दुबळा नसतो. त्याचे लाखो ग्राही एकाच वेळी हाक मारत असतात.

लंडनचे मनोविकारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्ये मांडलं होतं की माणसं धूर ओढतात निकोटीनसाठी, पण मरतात टारमुळे. मला वाटतं, धूम्रपानाबद्दल गेल्या शंभर वर्षांत केलेलं हे सर्वांत महत्त्वाचं विधान असावं. निकोटीन निरुपद्रवी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ते हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं, गर्भाला आणि वाढत्या मुलांच्या मेंदूला ते घातक आहे, आणि त्याची सवय तर मोडता मोडत नाही. पण फुप्फुसाचा कर्करोग, दमछाक, हृदयाच्या आवळलेल्या रक्तवाहिन्या यांचं बहुतेक देणं आगीचं आहे. मग आग काढून टाकली तर?

हाच प्रश्न चीनमधल्या शेनयांगच्या होन लिक या औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास हाती घेतला. तो स्वतः सिगारेट ओढायचा, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. आजच्या ई-सिगारेटचा जन्म तिथला. कल्पना मात्र जुनी होती; अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्टने बिनधुराच्या सिगारेटचं पेटंट १९६५ मध्येच मिळवलं होतं, पण तेव्हा ती कोणी बनवली नाही. यंत्र साधं आहे. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या द्रवात निकोटीन आणि स्वाद. त्यात बुडालेली कापसाची वात, वातीभोवती तारेचं वेटोळं. माणूस ओढू लागला की आतला संवेदक हवेचा बदललेला दाब ओळखतो, बॅटरी तार तापवते आणि द्रवाचे सूक्ष्म थेंब होऊन तोंडात येतात. तापमान साधारण दोनशे-अडीचशे अंश. काही जळत नाही, म्हणून टार नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही.

ही नुसती स्वच्छ वाफ मात्र नव्हे. तार अनेकदा निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची असते (भाईंदरच्या स्टीलच्या डब्यांतही हेच दोन धातू मिसळलेले असतात) आणि त्यांचे कण त्या थेंबांबरोबर थोडे थोडे फुप्फुसात जातात. वात कोरडी पडून तार जास्त तापली तर फॉर्माल्डिहाइड तयार होतो. सिगारेटच्या मानाने बरंच कमी, पण शून्य नाही.

आमच्या इमारतीतल्या एका काकांनी मला मध्यंतरी जिन्यात थांबवून विचारलं, "भाचा दुबईहून ते वाफेचं यंत्र आणतो म्हणतोय. त्याच्यावर गेलो तर निदान थोडं तरी वाचेन ना रे?" तीस-पस्तीस वर्षं पाकिटामागून पाकीट ओढलेला माणूस असं विचारतो तेव्हा त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

विज्ञानाच्या बाजूने उत्तर बरंचसं होकारार्थी आहे. इंग्लंडमध्ये पीटर हायेक यांच्या गटाने सिगारेट सोडू पाहणाऱ्या जवळजवळ नऊशे माणसांवर अभ्यास केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर ई-सिगारेट मिळालेल्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते; निकोटीनचं च्युइंगगम, पट्ट्या वगैरे मिळालेल्यांपैकी ९.९ टक्के. पण त्यात एक मेख होती. वाफेवर गेलेल्या यशस्वी लोकांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वाफ ओढतच होते. शिवाय अनेक जण दोन्ही धरून ठेवतात; घरात वाफ, टपरीवर सिगारेट. इथे हृदय फार निष्ठुर हिशेब करतं. लंडनच्या अ‍ॅलन हॅकशॉ यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. विसाव्या भागाएवढा नाही, निम्मा! म्हणजे वीसवरून पाचवर आलो याचं समाधान हृदयापर्यंत फारसं पोचत नाही. शेवटची सिगारेट जाईपर्यंत बदल पुरा होत नाही.

कायद्याच्या बाजूने उत्तर सरळसरळ 'नाही' असं आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरात संसदेने कायदा केला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; साठा करण्यालाही वेगळी शिक्षा. अमेरिकेत शाळकरी मुलं या यंत्राच्या झपाट्याने आहारी गेली होती, ती भीती त्यामागे होती आणि ती खरी होती. तरीही नऊशे अंशांचा निखारा टपरीवर राजरोस मिळावा आणि कमी जाळणारं यंत्र गुन्हा ठरावं, याची मला टोचणी लागते. पण चोरट्या वाटेने आलेल्या यंत्रात काय भरलंय हे कोण तपासणार? २०१९ मध्येच अमेरिकेत वाफ ओढणाऱ्यांची फुप्फुसं अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना इस्पितळ गाठावं लागलं, ६८ जण दगावले. मुख्य संशय ठरला तो प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या द्रवात घातलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या अ‍ॅसिटेटवर. म्हणून काकांना मी भाच्याचं यंत्र नको म्हणालो.

(बंदीचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. अकबराचा दूत असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला गेला, तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि रत्नजडित नळीसह ती बादशहापुढे नेऊन ठेवली. अकबराने हकिमाचं न ऐकता दोन-तीन झुरके घेतले. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. तंबाखू तरीही राहिली.)

मग सिगारेट सोडणारा मराठी माणूस वळतो कुठे? बहुतेक वेळा चुन्याकडे. 'सिगारेट सोडली, आता फक्त मळून खातो' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे वगैरे २४.४ टक्के. आपल्याकडची खरी अदलाबदल धुराकडून वाफेकडे नाही, धुराकडून तळहाताकडे होते.

त्या तळहातावर जे रसायनशास्त्र चालतं ते पाहून मी थक्क होतो. निकोटीनचा रेणू दोन रूपांत राहतो. आम्लात तो विद्युतभारित असतो, आणि भारित रेणूला गालाच्या आतल्या त्वचेतून सहज पार होता येत नाही. आम्लारी मिळाली की तो भार टाकतो, मोकळा होतो आणि सरसर रक्तात शिरतो. चुना ही कडक आम्लारी. अंगठ्याने तंबाखू मळणारा माणूस निकोटीनला मोकळं करत असतो. हे पीएचचं गणित कुणी मांडण्याच्या कितीतरी आधी लोकांनी ते बोटांनी सोडवलं होतं. दुर्दैवाने त्याबरोबर पानातली नायट्रोसमाइन्सही तोंडात मुरतात. तोंडाच्या कर्करोगाची जी रांग परळच्या टाटा रुग्णालयात लागते, तिच्यामागे हीच रसायनं मोठ्या प्रमाणात आहेत. काकांनी आग सोडून हे पान धरलं असतं तर त्यांनी फक्त रोगाची जागा बदलली असती.

ई-सिगारेटवाल्यांनी याच गणिताची दुसरी बाजू वापरली. मोकळं निकोटीन घशाला झोंबतं. २०१५ मध्ये आलेल्या जूल या यंत्रात बेन्झॉइक आम्ल घालून निकोटीनचा क्षार केला होता. त्यामुळे घसा झोंबेना आणि प्रचंड मात्रा सुखाने ओढता येऊ लागली. अमेरिकेतली मुलं अडकण्यामागे या एका आम्लाचा मोठा हात आहे.

आणि चुन्याची बाजू वापरली ती स्वीडनने. लुंड विद्यापीठाचे क्लेस लुंडग्रेन यांच्या लक्षात आलं होतं की पाणबुडीवरच्या खलाशांना धूम्रपानाची मनाई झाली की ते तंबाखू चघळतात आणि तेवढ्यावर निभावतात. त्यांनी १९६७ मध्ये औषध कंपनीतल्या ओव्हे फेर्ने या मित्राला ते कळवलं. फेर्नेंनी पान काढून टाकलं, नुसतं निकोटीन डिंकात बांधलं आणि तोंडात ते मोकळं व्हावं म्हणून त्यात सौम्य आम्लारी घातली. चुन्याचंच काम, पण जिभेला न भाजणारं. १९७८ मध्ये हे च्युइंगगम प्रथम स्वित्झर्लंडमध्ये विक्रीला आलं. आज भाईंदरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये त्याची दोन मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते.

आपल्याकडे ते फसतं, कारण लोक ते बडीशेपेसारखं चावून टाकतात. निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि 'हे काही कामाचं नाही' असं ठरतं. चावायचं सावकाश, तिखट चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, जसा तंबाखूवाले बार भरतात तसं. चव ओसरली की पुन्हा थोडं चावायचं. अर्धा तास एक गोळी. आणि त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी, कोला, लिंबू सरबत नको, कारण तोंडात आम्ल असलं की निकोटीन पुन्हा भारित होतं आणि गालातून पार होत नाही. उठल्या उठल्या अर्ध्या तासात सिगारेट लागणाऱ्याला चार मिलिग्रॅमची गोळी लागते. त्यासाठी, आणि पट्टी किंवा व्हॅरेनिक्लिन या औषधाच्या गोळ्यांसाठी, डॉक्टरांकडे जावं. पट्टी आणि गम एकत्र दिलं तर एकट्याहून जास्त चालतं. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशकही मिळतात. काकांना मी हा क्रमांक लिहून दिला आणि गम कसं चघळायचं ते दाखवलं.

आग थांबली की शरीर वाट बघत बसत नाही. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, तरी एक-दोन दिवसांत तो निघून जातो. मेंदूतले वाढीव ग्राही साधारण सहा ते बारा आठवड्यांत नेहमीच्या संख्येवर येतात. म्हणजे सर्वांत कठीण हाका तेवढ्याच मुदतीच्या असतात. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात, म्हणून पहिल्या आठवड्यांत खोकला वाढतो. तो बिघाड नसतो, साफसफाई असते.

सर्वांत मोठं आश्चर्य जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. इंग्लंडच्या वेलकम सँगर संस्थेत आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये सोळा माणसांच्या श्वासनलिकेच्या पेशी घेऊन एकेका पेशीचा डीएनए वाचला गेला. सिगारेट ओढत असलेल्यांच्या पेशी धुराने पार ओरखडून गेल्या होत्या. एकेका पेशीत हजारो जादा बदल. पण सोडून दिलेल्यांच्या श्वासनलिकेत ४० टक्क्यांपर्यंत पेशी अशा निघाल्या की जणू त्या माणसाने कधी सिगारेट ओढलीच नव्हती. अजून ओढणाऱ्यांच्या चौपट. जखमी पेशी काही दुरुस्त झालेल्या नव्हत्या. डीएनएच्या टोकांवरून दिसतं की या नव्या पेशी फार कमी वेळा विभागलेल्या, म्हणजे कुठल्यातरी सुरक्षित राखीव साठ्यातून उठून आलेल्या असाव्यात. आयुष्यात पंधरा हजारांहून जास्त पाकिटं ओढलेली माणसंही या अभ्यासात होती, आणि धूर थांबल्यावर काही वर्षांतच त्यांच्या श्वासनलिकांत या पेशी पसरू लागल्या होत्या.