मातीच्या भिंतीला घरच्या घरी चुना

तुकईथडसारख्या सातपुड्यातल्या गावात पावसाळा सरला, की मातीच्या भिंतींना पोपडे सुटू लागतात. डागडुजीचं हे काम गवंड्यावाचून होतं. दिवाळीआधीची कोरडी हवा त्याला उत्तम.

1 किलो कळीच्या चुन्याला साधारण 5 लिटर पाणी लागतं. चुना विरताना उकळी फुटते, म्हणून प्लॅस्टिकची बादली नको, लोखंडी भांडं घ्या. चुन्यावर पाणी ओतू नका, पाण्यात चुना थोडा थोडा सोडा. 24 तास मुरल्यावर जाडसर फडक्यातून गाळा आणि गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घाला, म्हणजे अंगाला पांढरं लागत नाही. हवी तर चिमूटभर नीळ.

भिंत खरवडून भेगा माती-भुशाने बुजवा. त्या वाळल्या की पाण्याचा हलका शिपका मारून कुंचा फिरवा. तीन हात लागतात. ओला चुना फिका दिसतो, त्यामुळे दाट लावायचा मोह होतो. पण जाड थरच आधी सुटतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याची हळूहळू चुनखडी बनते, तेव्हा तो पक्का होतो.

सिमेंटचा गिलावा मात्र टाळाच. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती आत कोंडतं आणि भिंत आतून भुसभुशीत होते.

काम करताना चष्मा हवाच. थेंब डोळ्यात गेला तर न चोळता निदान 20 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि तडक दवाखाना गाठा.