केसतूड

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला ‘कामगार आणि आरोग्य’ असा भारदस्त विषय दिला होता. एवढा मोठा विषय आमच्या कुवतीबाहेरचा, म्हणून आम्ही त्यातला एक केस उचलला. केस म्हणजे कोर्टातली नव्हे. ती आम्हांला रोजचीच आहे. हा हनुवटीवरचा, मानेवरचा केस. तो बाहेर यायचा सोडून आत वळतो आणि माणसाला हैराण करतो. आपल्याकडे ह्याला केसतूड म्हणतात, कोणी केसतोडा म्हणतात. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे वाचनालयात आणि दवाखान्याच्या बाकावर, आजारी सोबत्याशेजारी बसून झाले.

परभणीच्या मोंढ्यातील आमचा एक हमाल बांधव. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने मानेवरचे केस वस्तऱ्याने घोटून घेतले. चार दिवसांत तिथे बारीक पुळ्या उठल्या. सोयाबीनची आवक जोरात असल्यामुळे पाठीवर दिवसभर पोते, आणि पोत्याची कड नेमकी त्या पुळ्यांवर. रात्री त्याने शर्टाच्या पिनेने एक पुळी कोरली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी बिब्बा लावायला सांगितला, तोही लावला. आठव्या दिवशी मान वळेना, अंगात ताप. दवाखान्यात चिरा देऊन पू काढावा लागला, आणि त्याच वेळी रक्तात साखर निघाली, जी त्याला ठाऊकच नव्हती. ऐन हंगामात एकोणीस दिवस मजुरी बुडाली. मजुरीच्या, तोलाईच्या, वजनाच्या तक्रारींचे बाड आमच्याकडे आहे. पण मानेवरच्या केसतुडाची तक्रार तोवर आमच्याकडे कोणी आणली नव्हती, आणि आम्हीही कधी विचारली नव्हती.

आता हे होते कसे ते पाहू. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सरळ केस मुळातून निघाला की नीट वर येतो. वळणदार केसाची गोष्ट निराळी. वस्तऱ्याने कापलेले त्याचे टोक बोरूच्या टोकासारखे तिरपे व अणकुचीदार होते. केस थोडा वाढला की वळून पुन्हा कातडीत शिरतो. हा एक प्रकार. दुसरा प्रकार आपण स्वतः ओढवून घेतो. कातडी ताणून, उलट्या बाजूने, अगदी गुळगुळीत दाढी केली की कापलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो. मग तो बाहेर येण्याआधीच आतल्या आत आपल्या नळीची भिंत फोडतो. दोन-तीन पात्यांचे वस्तरे हेच करतात: पहिले पाते केस ओढते, मागचे त्याला खोल कापते. जाहिरातीत ज्याला ‘मुलायम’ म्हणतात त्याची किंमत अशी कातडीला मोजावी लागते.

शरीराला आत शिरलेला आपलाच केस परका वाटतो. काटा रुतल्यावर जसे ते चवताळते तसेच इथेही: लाली, खाज, गाठ, कधी पू. म्हणजे सुरुवातीला हा जंतूंचा रोग नव्हेच. जंतू मागाहून, बहुधा आपल्याच नखांतून येतात. पुष्कळ लोक म्हणतात की ‘रक्त बिघडले’, आणि सकाळी कडुनिंबाचा रस पितात. रक्ताचा येथे काही अपराध नाही.

घरचा पहिला उपाय फुकटचा आहे, म्हणूनच बहुधा कोणी करीत नाही: त्या जागी वस्तरा बंद. तीन-चार आठवडे केस वाढू द्यावा. तो सुमारे एक सेंटिमीटर लांब झाला की त्याच्याच ताणाने टोक कातडीतून सुटून वर येते. तोवर स्वच्छ फडके सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटे त्या जागी धरावे, दिवसातून तीन-चारदा. आपल्या आजीबाई हळद-पिठाचे गरम पोटीस बांधीत, त्यातली ऊब खरी. बिब्बा, रुईचा चीक, चुना ह्यांनी मात्र कातडी भाजते व डाग राहतो. ह्या वस्तूंना हात लावू नये. औषधाच्या दुकानात मिळणारे सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे सौम्य मलम वरची मेलेली कातडी सैल करते, ते पुष्कळांना उपयोगी पडते. गोरे करणारी, खाज झटपट घालवणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत. चार दिवस बरे वाटते आणि पुढे कातडी पातळ होते.

आणि सुई? केसाची कमान कातडीच्या वर दिसत असेल तरच. सुई उकळून वा स्पिरिटने पुसून, हात धुऊन, कमानीखालून घालावी आणि टोक हलकेच मोकळे करावे. बस्स. केस उपटायचा नाही. उपटलेल्याच्या जागी नवा येतो आणि तो पुन्हा आतच वळण्याचा संभव असतो. टोक दिसत नसेल तर कोरू नये, पिळू तर मुळीच नये. नाक आणि वरचा ओठ ह्यांच्या भागातील शिरांचा संबंध मेंदूकडील शिरांशी आहे. तेथील फोड पिळून माणसे मरणाच्या दारात गेलेली आहेत. ताप आला, लाली पसरू लागली, गाठ दोन-तीन दिवसांत वाढतच गेली किंवा मधुमेह असला, तर घरचे उपाय तिथेच थांबवून दवाखाना गाठावा. खाडा पडेल म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्याचे पुढे किती खाडे पडतात ते वर सांगितलेच आहे.

ज्यांना हा त्रास पुन्हा पुन्हा होतो त्यांनी दाढी आंघोळीनंतर करावी. केस पाण्याने फुगून मऊ होतात. साबणाचा फेस दोन-तीन मिनिटे राहू द्यावा, एकच पाते, नवे, हात हलका, कातडी न ताणता, केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने. एकाच जागी दहा वेळा पाते फिरवू नये. शक्य असेल तर यंत्राने किंचित खुंट ठेवून कापावेत. हमालांनी मान घोटून घेऊच नये, कात्रीने किंवा यंत्राने बारीक करून घ्यावी, आणि पोत्याखाली मऊ धुतलेला पंचा दुमडून घ्यावा. सलूनमध्ये बसल्यावर ब्लेड नवे घातलेले डोळ्यांनी पाहावे. ते केवळ केसतुडासाठी नाही. रक्ताने पसरणारी कावीळ व एड्स ह्यांचा प्रश्न त्यात आहे. तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालांवरून फिरवणेही बरे नव्हे. आमच्या मुली हल्ली हातापायांचे केस मेणाने काढतात, त्यांनाही हाच त्रास होतो आणि उपायही हेच.

‘गुळगुळीत दाढी म्हणजे शिस्त’ असे मानणारे मालक जगभर आहेत. अमेरिकेत काळ्या लोकांचे केस फार कुरळे असल्यामुळे हा विकार त्यांच्यात पुष्कळ आढळतो. नेब्रास्का प्रांतात पिझ्झा पोहोचवणाऱ्या एका काळ्या कामगाराला दाढी राखली म्हणून कामावरून काढले. त्याला हाच विकार होता. १९९३ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने असा निकाल दिला की, हा नियम काळ्या पुरुषांवर जास्त भार टाकतो आणि धंद्यासाठी तो आवश्यक असल्याचे मालकाने सिद्ध केलेले नाही. आमच्याकडेही पहारेकऱ्यांच्या गणवेशाच्या अटींत रोजच्या दाढीची अट असते. आम्ही एकदा वाटाघाटीत हा निकाल सांगितला तेव्हा समोरचे साहेब हसले. पण डॉक्टरांच्या दाखल्यावर सवलत मिळाली.

राहिली नाभिक बांधवांची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करातील सुमारे ऐंशी हजार सैनिक माकडहाडाजवळच्या केसाच्या गळवाने रुग्णालयात गेले. जीपमध्ये दिवसभर हादरे खात बसल्याने होते, म्हणून त्याला ‘जीपचा रोग’ असे नाव पडले. आपल्या ट्रॅक्टरवाल्यांनी व ट्रकवाल्यांनी तिथे गाठ किंवा स्राव दिसला तर लाजू नये. हे काम शल्यवैद्याचे. तर, हा दोष जन्मजातच असतो असे त्या वेळी बहुतेक डॉक्टर मानीत. १९४८ साली पेटी आणि स्कार्फ ह्या इंग्रज डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका न्हाव्याच्या हाताचा वृत्तान्त दिला. त्याच्या बोटांच्या बेचक्यात तसेच गळू होते व आत केस होते. बेचक्यात केसाचे मूळच नसते! तेव्हा केस बाहेरून, गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून, कातडी भोसकून शिरले हे उघड झाले, आणि माकडहाडाच्या रोगाकडेही डॉक्टर नव्या नजरेने पाहू लागले.

ज्या धंद्यातील लोकांनी १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या प्रेरणेने मुंबईत विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला, त्या धंद्याच्या हाताने वैद्यकशास्त्रालाही असा धडा दिला. त्या हातांची काळजी घेण्याची रीत साधी आहे. दर गिऱ्हाइकानंतर बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात, अडकलेला बारीक केस ब्रशने झाडावा, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. ओल्या, भेगाळलेल्या कातडीत केस लवकर शिरतो. रात्री थोडे खोबरेल लावावे. पायांत उघडी चप्पल न घालता बूट असावेत, कारण जमिनीवर पडलेला केस पायाच्या बोटांतही शिरतो. आमच्या ओळखीच्या एका सलूनमध्ये आता आरशाशेजारी दात घासण्याचा एक मऊ ब्रश खिळ्याला टांगलेला असतो. गिऱ्हाइके विचारतात, हा कशाला. कारागीर बोटे पसरून दाखवतो.