पुढून उचललेल्या पिकअपचे अलाइनमेंट : पावती नको, माप पाहा

आपल्या व्यापारी बंधूंपैकी काहींनी अलीकडे फोर-व्हील-ड्राइव्हची पिकअप घेतली आहे. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस 2016 साली भारतात आली, टोयोटाची हायलक्स 2022 साली. या गाड्या मागून थोड्या उंच व पुढून थोड्या खाली असतात. मागे माल चढला की कमानपाटे दबतात आणि गाडी सपाटीला येते, असा कारखान्याचा हिशेब असतो. परंतु रिकाम्या गाडीचे वाकलेले नाक तरुण मंडळींना खटकते. मग पुढच्या स्प्रिंगवर लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा बसवून पुढचा भाग दीड-दोन इंच उचलला जातो. ही टूम अमेरिकेतून आली आहे. तिथे पिकअपलाच ट्रक म्हणतात व या कामाला ‘लेव्हल करणे’ असे नाव आहे.

हे काम करावे की नाही, हा प्रश्न वेगळा. ज्यांची पिकअप रोज गाठी वाहते, त्यांनी ते करूच नये असे आमचे मत आहे. कारण माल भरला की मागचा भाग खाली बसतो आणि नाक आकाशाकडे जाते. पण ज्यांनी करून घेतले आहे, त्यांनी पुढच्या चाकांचे अलाइनमेंट नीट करून घेतलेच पाहिजे. आणि नेमके तिथेच गिऱ्हाईक नाडले जाते.

पुढच्या चाकांचे तीन कोन असतात. पहिला टो. वरून पाहिले असता दोन्ही चाकांचे पुढचे टोक एकमेकांकडे वळलेले आहे की बाहेर फाकलेले, ते टो सांगतो. दुसरा कॅम्बर. समोर उभे राहून पाहिले असता चाक सरळ उभे आहे की आत-बाहेर कलले आहे, तो हा कोन. तिसरा कॅस्टर, आणि तो डोळ्यांना सहसा दिसत नाही. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरका असतो. त्या तिरकेपणाची मदत असते म्हणून चालत्या सायकलचे हँडल क्षणभर सोडले तरी ती सरळ जाते. मोटारीचे चाक ज्या रेषेभोवती वळते ती रेषाही तशीच मागे कललेली असते. तिच्यामुळे गाडी रस्ता धरून चालते आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मधोमध येते.

पुढचा भाग उचलला की चाक धरणारे वरचे व खालचे दोन्ही हात (विशबोन) खाली झुकतात. टाय रॉडचा कोन बदलतो आणि टो बिघडतो. कॅम्बरही हलतो. बहुतेक पिकअपमध्ये कॅस्टर कमी होतो, आणि जास्त धोका त्याचाच. टो बिघडला तर टायर खातो, म्हणजे पैसा जातो. कॅस्टर गेला तर ताशी ऐंशीच्या वेगाला गाडी डगमगते, स्टिअरिंग हलके लागते, वळणानंतर ते हाताने परत आणावे लागते. कसारा घाटात रात्री मागून भरलेले ट्रक येत असताना अशी गाडी चालवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

टोची गोष्टही क्षुल्लक समजू नये. साडेसातशे मिलिमीटर व्यासाच्या टायरवर दोन्ही चाकांचा मिळून टो फक्त तीन मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे दोन मीटर आडवे घासत जाते. हजार किलोमीटरला दोन किलोमीटर! आडवा धागा बोटभर तिरका गेला की संपूर्ण ताग्याचा भाव पडतो, हे आपल्या धंद्यातील माणसाला समजावून सांगायला नको.

आता दुकानात काय होते ते पाहू. कारागीर चारही चाकांना यंत्र लावतो, पडद्यावर लाल-हिरवे आकडे येतात. तो टाय रॉड फिरवतो, टो हिरवा होतो, पावती फाडली जाते. कॅम्बर व कॅस्टरचे आकडे लालच राहतात. विचारले तर “मोठ्या गाडीत एवढे चालते” असे उत्तर मिळते. हे चालत नाही. पूर्ण अलाइनमेंटचे दाम घेऊन तिसरा हिस्सा काम देणे, हा नापतोलाचाच मामला आहे. सर्वच दुकाने अशी नसतात. पण कॅस्टर मोजायला चाके फिरत्या पाटांवर ठेवून दोन्ही बाजूंना ठराविक अंश वळवावी लागतात. कारागिराने स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवलेच नाही, तर कॅस्टर मोजला गेला नाही असे खुशाल समजावे.

बहुतेक अशा पिकअपमध्ये खालच्या हाताच्या मुळाशी विकेंद्री बोल्ट असतात, त्यांना कॅम बोल्ट म्हणतात. ते फिरवले की हात आत-बाहेर सरकतो आणि कॅम्बर-कॅस्टर दोन्ही बदलतात. जुन्या टॉर्शन बारच्या गाड्यांत हेच काम वरच्या हाताखाली पातळ पत्रे घालून करतात. दोन इंच उचलल्यावर कधी कधी कॅम बोल्ट शेवटपर्यंत फिरवूनही कॅस्टर पुरेसा मिळत नाही. अशा वेळी बॉल जॉइंटची जागा थोडी मागे असलेला वेगळा वरचा हात बसवावा लागतो. तो खर्च नको असेल तर उचल कमी करावी. एक इंचावर समाधान मानले तर बरेचदा मूळ भागांतच भागते. अडकलेला कॅम बोल्ट हातोडीने ठोकून हलवू देऊ नये.

तुकडा किती जाडीचा बसवला, त्यावरून उचल ठरवू नये. स्प्रिंगच्या माथ्यावर एक इंचाचा तुकडा घातला तर चाकाजवळ साधारण दोन इंच फरक पडतो. म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर आधी व नंतर, दोन्ही बाजूंना फितीने मोजून लिहून ठेवावे.

जुन्या पाट्यांच्या जीपवाल्यांसाठी एक गोष्ट. सलग ॲक्सल असलेल्या गाडीत कॅम्बर बदलण्याची सोय नसते, आणि कॅस्टर पाट्यांखाली पाचर घालून दुरुस्त करतात. त्या गाडीत कॅम बोल्ट शोधत बसू नये.

दुकानात जाण्यापूर्वी सर्व टायरांची हवा सारखी करावी. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, बुश व चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर आधी ते बदलावे, नाहीतर मोजलेला कोन गाडी बाहेर पडताच हलतो. तुकडा बसवल्यावर लगेच अलाइनमेंट न करता थोडे दिवस गाडी चालवून ती बसू द्यावी. एरवी डिझेलची टाकी व डिक्कीतला बोजा जेवढा असतो, तेवढाच त्या दिवशी असावा. शेवटचे कसणे गाडी चाकांवर उभी असताना व्हावे. लटकत्या चाकांत बुश कसला की तो पिळवटून लवकर फाटतो. आणि काम सुरू होण्याआधीचा व नंतरचा, दोन्ही छापील कागद मागावेत. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक नसावा.

अमेरिकन चित्रफिती पाहून काम करणाऱ्या कारागिरांसाठी एक इशारा. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि रस्त्याच्या उतारामुळे उजवीकडे ओढल्या जातात, म्हणून ते डाव्या चाकाचा कॅस्टर किंचित कमी ठेवतात. आपण डावीकडून चालतो. इथे तो फरक ठेवायचाच असेल तर उलटा ठेवावा लागतो, कारण गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते.

फोर-व्हील-ड्राइव्हची आणखी एक अडचण. मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीत पुढचे टायर जास्त झिजले आणि मागचे कोरे राहिले, तर फोर-व्हील लावून कडक रस्त्यावर चालवताना गिअरच्या पेटीवर ताण येतो. शिवाय उचलल्यामुळे पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. रबरी टोपी चिरली आहे का, हे प्रत्येक सर्व्हिसला पाहावे.

कायद्याची बाजू अशी की, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील तपशील कारखान्याच्या मूळ मापांहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. तुकडा घालण्यापूर्वी आर.टी.ओ. व विमा कंपनी दोघांना लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

नवीन गाडीत स्टिअरिंगचा कोन सांगणारा सेन्सर असतो. अलाइनमेंटनंतर तो शून्यावर आणायला सांगावे. नाक उचलल्यावर दिवेही वर जातात. तेव्हा त्याच दिवशी माल भरून, भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइटही खाली करून घ्यावेत.